निर्मितीतून माध्यमबोध: बुलढाण्याचा एक दाखला

माध्यमांच्या अध्यापनात विद्यार्थ्यांकडून भित्तिपत्रक, अंक वा लघुपट करवून घेण्याची पद्धत आता रुळली आहे. माध्यमविषयक संकल्पना व्याख्येपेक्षा निर्मितीतून अधिक उमगतात, हे तिच्यामागील गृहीतक अर्धेच खरे आहे. तंत्र हाती आले म्हणजे चिकित्सा साधली असे होत नाही, हे लेन मास्टरमन यांनी 1980 च्या दशकातच दाखवून दिले होते. विद्यार्थी पुष्कळदा प्रस्थापित नमुनाच गिरवितो. मग निर्मिती शिकविते ती केव्हा? मराठीत या प्रश्नाचा शोध घेताना अभ्यासक्रमांच्या कितीतरी आधीच्या एका निबंधापाशी थांबावे लागते. त्याला 'प्रकल्प' म्हणणे हा कालविपर्यास ठरेल. प्रक्रिया मात्र तीच आहे.

1881 मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेस अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या खटल्याचे निमित्त करून 'पुणे वैभव' पत्राने एकंदर स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवरच ठपका ठेवला. तो वाचणाऱ्यांत बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे होत्या. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. ताराबाईंचे शिक्षण घरीच झाले. 1882 साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून त्यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध निघाला: प्रती 500, किंमत नऊ आणे.

ताराबाई वृत्तपत्रीय लेखाचे केवळ खंडन करीत नाहीत, हे येथे महत्त्वाचे. एका स्त्रीची बातमी सर्व स्त्रियांचा स्वभाव कशी बनते, ही क्रिया त्या उघडी पाडतात. स्त्रियांना चिकटविलेले दोष एकेक करून घ्यावयाचे आणि प्रत्येक पुरुषांना लावून पाहावयाचा, अशी निबंधाची रचनाच आहे. ज्या साच्याने प्रतिमा घडते तोच साचा उलटा फिरविल्यावर तो साचा आहे हे दिसते. स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये ज्या विरोधी वाचनाची मीमांसा केली, त्याचे हे लेखनरूप म्हणावे लागेल. शिवाय त्या वृत्तपत्रापाशी थांबत नाहीत. 'मंजुघोषा'सारखी कादंबरी, 'मनोरमा' नाटक, पुराणकथा यांतही तीच स्त्रीप्रतिमा वावरताना त्यांना दिसते. (आजच्या वर्गात यासाठी 'आंतरसंहितात्मकता' हा जड शब्द खर्ची पडतो.) भाषाही घरातली, म्हणींनी भरलेली, पुरुषांना समोर बसवून बोलणारी. संपादकीयाचा गंभीर स्वर त्यांनी गिरविला असता, तर त्या स्वरातील अधिकारही त्यांनी मान्य केल्यासारखे झाले असते. नक्कल आणि चिकित्सा यांतील भेद तो हाच.

प्रसाराच्या प्रश्नाकडे मात्र निर्मितीचे गोडवे गाणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. नियतकालिक ठरल्या दिवशी पुन्हा निघते आणि आपले म्हणणे पुन्हा मांडते. निबंध एकदाच छापला जातो. माध्यमाची सत्ता आशयाइतकीच या पुनरावृत्तीत असते. वर्गातील प्रकल्पाला तर बहुधा एकच वाचक लाभतो, आणि गुण देणाराही तोच. ताराबाईंच्या निबंधावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाल्याचे आढळत नाही. स. गं. मालशे यांनी हा निबंध पुन्हा प्रकाशात आणला तो 1975 साली, आणि रोझालिंड ओ'हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला 1994 मध्ये.