रुमालाचा इतिहास

बजाजनगरात राहणाऱ्या माणसाला धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मागोमाग आमच्यासारखी माणसं आली, घरं झाली. धूळ मात्र इथली मूळ रहिवासी.

सौभाग्यवतींना दमा. "धूळ टाळा," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी घरात सेंट्रल व्हॅक्यूम बसवायचं ठरवलं. यात मोटर आणि कचऱ्याची टाकी जिन्याखाली, भिंतीतून पाइप आणि खोलीखोलीत एक तोंड. तिथे लांब नळी अडकवली की धूळ थेट टाकीत. आवाजही दूर.

कर्जाच्या अर्जदाराची कुळकथा काढायची आम्हा बँकवाल्यांची सवय. त्याच सवयीने यंत्राची काढली. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरने धूळ फुंकणारं यंत्र पाहिलं. त्याला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढली तर? गृहस्थाने म्हणे उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवला आणि तोंडाने हवा ओढली. ठसका लागला, पण रुमाल काळा झाला! मग त्याने केलेलं यंत्र घोडागाडीवर बसून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या खिडकीतून आत सोडायचं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे असेच साफ झाले. म्हणजे मोटर बाहेर, नळी आत ही कल्पना थेट मूळपुरुषाचीच.

यंत्र एकट्या माणसाला ढकलता येईल असं केलं ते अमेरिकेतल्या जेम्स मरे स्पँग्लरने. हा कोणी बडा इंजिनियर नव्हे. एका दुकानात केर काढायचा आणि त्याला दमा होता! पंख्याची मोटर, झाडूचा दांडा, उशीचा अभ्रा, एवढ्यावर त्याने यंत्र जुळवलं. १९०८ साली पेटंट मिळालं, ते हूवरने विकत घेतलं आणि नाव झालं हूवरचं.

इथे मी थबकलो. स्पँग्लर स्वतः झाडत होता, स्वतः खोकत होता, म्हणून त्याला सुचलं. आमच्याकडे वीस वर्षं झाडलं हिने, खोकली ही, आणि मी पेपराआडून म्हणत होतो, "अगं, जरा हळू झाड, धूळ येते इकडे."

मिस्त्री आला. भिंतीवर टकटक करून म्हणाला, "साहेब, राहत्या घरात पाइप टाकायचे म्हणजे भिंती फोडाव्या लागतील. पंधरा दिवस धूळ राहणार." नळ पुरायची विद्या या शहराला नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात खापरी नळांतून गावात पाणी खेळवलं. पण तेव्हा गाव नवं होतं, आमच्या भिंती जुन्या! आतून हिचा नुसता खोकला आला.

मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावलं आणि स्पँग्लरच्या वंशातला साधा क्लीनर आणला. तो चालवतो मी. त्याची पिशवी झटकतो तीही मीच, अंगणात, तोंडाला रुमाल बांधून. तेवढा वेळ ही दार लावून आत बसते. रुमाल सोडून पाहिला की काळा असतो. बूथसाहेबांना जे एका घोटात कळलं, त्याला मला वीस वर्षं लागली.

"अहो," दाराआडून आवाज येतो, "सोफ्याखालचं राहिलंय!"