मेंदूच्या इजेनंतरचे बौद्धिक प्रशिक्षण : एक ऐतिहासिक टिपण

सालवड, कुंभवली, सरावली या गावांना लागून तारापूर औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. अशा परिसरात उंचावरून पडणे, यंत्राचा आघात, रस्त्यावरील अपघात यांतून डोक्याला इजा होते. जखम भरते, मनुष्य चालू-बोलू लागतो. परंतु स्मरण, अवधान व नियोजन पूर्ववत होतेच असे नाही. ही हानी प्रशिक्षणाने भरून काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास प्रामुख्याने युद्धाशी निगडित आहे.

1916 मध्ये कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफर्ट येथे मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी संस्था उभारली. तेथे मानसशास्त्रीय चाचण्यांच्या जोडीला कार्यशाळाही होती. 1917 मध्ये मुंबईत अपंग भारतीय सैनिकांना व्यवसाय शिकविणारी क्वीन मेरीज संस्था सुरू झाली व पुढे खडकीस गेली. आपल्याकडील पुनर्वसनाचा आरंभ मात्र हातापायांपासून झाला. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे परिशिष्टही याच दृष्टीचे. अंगठा, बोटे, डोळा यांच्या हानीचे टक्के त्यात ठरलेले होते. स्मृती गेल्यास किती, याची नोंद नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया यांनी उरल प्रदेशातील रुग्णालयात या शास्त्राला सैद्धांतिक पाया दिला. नष्ट झालेले कार्य शाबूत क्षमतांच्या साहाय्याने वेगळ्या मार्गाने घडवून आणणे, हे त्यांचे सूत्र होते. 1943 मध्ये स्मोलेन्स्कजवळ जखमी झालेल्या झासेत्स्की या सैनिकाला एकेक अक्षर आठवून लिहिता येत नसे. हात न थांबवता सलग लिहावयास सांगितल्यावर शब्द उमटू लागले. त्याने पुढे सुमारे पंचवीस वर्षे स्वतःची कहाणी लिहिली. स्वतःचेच लिखाण वाचणे मात्र त्याला कष्टप्रदच राहिले. प्रशिक्षणाची शक्ती व मर्यादा या एकाच उदाहरणात दिसतात.

संगणकावरील खेळांच्या विक्रेत्यांना ही मर्यादा मान्य नव्हती. मेंदूच्या इजेतून आलेली बौद्धिक क्षीणताही आपल्या खेळांनी कमी होते, असा दावा करणाऱ्या ल्युमोसिटीच्या चालकांनी 2016 मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी 20 लाख डॉलर देऊन तडजोड केली. दाव्यास पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आयोगाचा आक्षेप होता.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने विकसित केलेली पद्धत याहून साधी, म्हणूनच आपल्या दृष्टीने अधिक विचारार्ह आहे. मिसळलेले धान्य निवडणे, मजकुरातील ठरावीक अक्षर खोडणे अशी क्रमाने कठीण होत जाणारी कामे त्यात घरी करता येतात. अर्थात, धान्य नीट निवडणारा कामगार यंत्रावर सावध राहीलच, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते कामाच्या जागीच तपासावे लागते. गोल्डस्टाइन यांच्या संस्थेत कार्यशाळा होती, ती याचसाठी. शिवाय धान्य निवडणे हे आपल्याकडे बायकांचे काम मानले जाते. बोईसरच्या एखाद्या खोलीत घरधन्याने सूप पुढ्यात घेऊन बसावे, यासाठी आधी घरच्यांचीच समजूत काढावी लागेल.