नाताळचा फ्रूट केक : सजावटीची पद्धत, साहित्य आणि काळजी

सुकामेवा घालून केलेला गडद रंगाचा फ्रूट केक, त्यावर मार्झिपानचा थर आणि वर पांढरे आयसिंग, असे नाताळच्या केकचे पारंपरिक रूप आहे. ही पद्धत मूळची इंग्लंडची. आपल्या मंडळांतील अनेक कुटुंबे आता नाताळसाठी हा केक घरीच सजवतात. त्यांना हाताशी असावी अशी माहिती येथे एकत्र दिली आहे. केक भाजण्याची कृती या लेखात नाही; भाजून तयार असलेल्या केकपासून सुरुवात केली आहे.

परंपरा कोठून आली

इंग्लंडमध्ये पूर्वी सजवलेला मोठा केक नाताळच्या दिवशी नव्हे, तर नाताळपर्वाच्या शेवटी, ५-६ जानेवारीच्या सुमारास कापला जाई. त्याला ‘ट्वेल्फ्थ केक’ म्हणत. ६ जानेवारी हा तीन राजांचा सण. गोव्यात रेइश मागुश, चांदोर आणि कासावली येथे तो आजही साजरा होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील त्या सणाचे महत्त्व ओसरले आणि सजवलेला केक २५ डिसेंबरकडे सरकला.

बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा थर ही जोडी त्याहून जुनी आहे. एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या १७६९ च्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकसाठी हे दोन्ही थर सांगितले आहेत.

भारतात हा केक इंग्रजांबरोबर आला. केरळमधील थलश्शेरी येथे १८८३ मध्ये मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्यांनी मर्डोक ब्राऊन या इंग्रज मळेवाल्यासाठी केलेला केक हा भारतातील पहिला नाताळ केक असल्याचे सांगितले जाते. बेळगाव कॅम्प, महू, मोरार आणि सिकंदराबाद ही ब्रिटिश छावणीची ठाणी होती. अशा ठाण्यांमुळे बेकरीचा केक आसपासच्या शहरांच्या ओळखीचा झाला.

गोव्याची नाताळची थाळी मात्र वेगळ्या वळणाची आहे. तिच्यात बेबिंक, दोदोल, नेवऱ्यो, कुलकुल, बात आणि पेराद असतात. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, लाडू, शंकरपाळेही होतात. सजवलेला केक या फराळात नंतर येऊन बसला.

थर कशासाठी

प्रत्येक थराला काम आहे. जॅममुळे मार्झिपान केकला चिकटते. मार्झिपान केकमधील ओल आणि रंग अडवते. ते नसेल तर पांढऱ्या आयसिंगवर तपकिरी डाग उमटतात. आयसिंग वाळून कडक झाले की केकवर कवच तयार होते. म्हणून मधला थर वगळू नये आणि तो सुकण्यापूर्वी पुढचा थर देऊ नये. बहुतेक केक बिघडतात ते या घाईमुळेच.

साहित्य (२० सेंमी व्यासाच्या गोल केकसाठी)

*जॅम :* ३ मोठे चमचे. जर्दाळूचा जॅम रंगाने फिका असल्याने चांगला. तो न मिळाल्यास पेरूची जेली किंवा अननसाचा जॅम चालतो. चमचाभर पाण्यात गरम करून गाळून घ्यावा.

*मार्झिपान :* सुमारे ७५० ग्रॅम. युरोपात ते बदामाचे करतात, गोव्यात काजूचे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले आणि पुढे ते गोव्याचेच झाले. काजूचे मार्झिपान करणे म्हणजे जवळजवळ काजूकतली करणे. ४०० ग्रॅम काजूची बारीक, चाळलेली पूड घ्यावी. ३५० ग्रॅम साखरेचा १०० मिली पाण्यात एकतारी पाक करून त्यात पूड घालावी आणि मंद आचेवर कडा सुटेपर्यंत ढवळावे. शेवटी चमचाभर गुलाबपाणी घालावे. कोमट असताना मळून गोळा झाकून ठेवावा. फार मळल्यास काजूचे तेल सुटते आणि तेच पुढे आयसिंग पिवळे करते.

*रॉयल आयसिंग :* ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, २ अंड्यांचा पांढरा बलक, २ छोटे चमचे लिंबाचा रस, १ छोटा चमचा खाण्याचे ग्लिसरीन. लिंबामुळे बलक फेसून टिकून राहतो, तर ग्लिसरीनमुळे आयसिंग दगडासारखे होत नाही. घरी दळलेली पिठीसाखर वापरायची असल्यास मलमलीतून चाळावी. कण राहिले तर थर खरखरीत होतो.

क्रमवार कृती

१. केकचा फुगलेला माथा कापून सपाट करावा आणि केक पाटावर उलटा ठेवावा, म्हणजे तळाची सपाट बाजू वर येते. कडेच्या फटी मार्झिपानच्या तुकड्यांनी भराव्यात.

२. एक दोरा केकच्या एका बाजूच्या तळापासून माथ्यावरून दुसऱ्या बाजूच्या तळापर्यंत धरून माप घ्यावे. ७ सेंमी उंचीच्या केकसाठी ते ३४ सेंमी येते.

३. केकला जॅम लावावा. ओट्यावर आयसिंग शुगर भुरभुरून मार्झिपान अर्धा सेंमी जाडीचे आणि मापापेक्षा २ सेंमी मोठे लाटावे. लाटण्यावर गुंडाळून उचलावे, केकवर पसरून तळव्याने दाबावे. जादा कड कापून टाकावी; त्यातूनच पाने-फुले होतात.

४. केक जाळीखाली उघडा ठेवून २ ते ३ दिवस सुकू द्यावा. बोट लावल्यावर चिकट वाटता कामा नये.

५. बलक हलका फेसून त्यात साखर थोडी थोडी घालावी, मग लिंबू व ग्लिसरीन. पळी उचलल्यावर टोक ताठ राहिले पाहिजे. भांडे ओल्या फडक्याने झाकून तासभर ठेवल्यास हवेचे बुडबुडे निघून जातात.

६. गुळगुळीत केक हवा असल्यास पातळ थर देऊन एक दिवस वाळवावा, मग दुसरा द्यावा. बर्फासारखा खडबडीत केक हवा असल्यास एकच जाड थर देऊन चमच्याच्या पाठीने टोके उचलावीत. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हीच पद्धत घ्यावी.

तारखांचे गणित

केक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भाजून झालेला असावा. १७ तारखेला मार्झिपान, २० व २१ ला आयसिंग, २३ ला सजावट आणि २४ ला रिबन असा क्रम सोयीचा पडतो. रम किंवा ब्रँडी पाजायची असल्यास शेवटचा हप्ता मार्झिपानच्या आठवडाभर आधी द्यावा. मद्याऐवजी संत्र्याचा रस वापरलेला केक इतके दिवस टिकत नाही. तो २० तारखेनंतर भाजून त्यावर फक्त मार्झिपान आणि सुकामेवा लावावा.

हवामानाचा फरक

साखर हवेतील ओल ओढून घेते. त्यामुळे गोव्याच्या किनारी भागात आयसिंग सुकायला एखादा दिवस जास्त लागतो. केक पंख्याखाली ठेवावा. इंदूर, ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत उलट होते. आयसिंग भांड्यातच पापुद्रा धरते, म्हणून ओले फडके हलवू नये. सजवलेला केक फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच त्यावर पाणी सुटते. मुंग्यांपासून वाचवण्यासाठी पाण्याच्या परातीत वाटी पालथी घालून त्यावर केकचा डबा ठेवावा.

वरची सजावट

हॉलीची पाने आणि लाल फळे हे इंग्लंडचे ठरलेले चिन्ह. हॉलीची खरी फळे पोटाला बाधतात, म्हणून ती मार्झिपानचीच करावीत. नाताळात फुलणाऱ्या पॉइन्सेटियाचा चीक त्रासदायक असतो आणि कण्हेर तर विषारी आहे. दोन्ही केकवर टेकवू नयेत. पुदिन्याची पाने, साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली, चेरी आणि चक्रीफूल हे सुरक्षित पर्याय आहेत. चक्रीफूल वाढण्यापूर्वी काढून ठेवावे.

आयसिंग नको असल्यास स्कॉटलंडमधील डंडी केकचा मार्ग सोपा आहे. भाजण्यापूर्वीच सोललेले बदाम वर्तुळात मांडायचे, की सजावट झाली.

चमकी घेताना पाकिटावर खाद्यपदार्थ म्हणून घटकांची यादी व परवाना क्रमांक असल्याची खात्री करावी. हस्तकलेची चमकी विषारी नसली तरी ती प्लॅस्टिक असते. टाचण्या, तारा आणि टूथपिक केकमध्ये खोचू नयेत.

शेजारी ताट पाठवताना

नाताळचे ताट सगळ्या आळीत फिरते, त्यामुळे केकमध्ये काय आहे हे घेणाऱ्याला कळणे आवश्यक आहे. ताटावर चिठ्ठी ठेवावी आणि अंडे, मद्य, काजू-बदाम व मैदा यांपैकी जे असेल ते लिहावे. सुकामेव्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. अंडे न खाणाऱ्याला नंतर कळले तर पुढच्या वर्षी ताट तसेच परत येते.

अंड्याशिवाय आयसिंग करायचे असल्यास काबुली चणे शिजवलेले दाटसर, आळणी पाणी ४ मोठे चमचे घेऊन फेसावे. २ बलकांच्या जागी ते चालते. तयार फाँडंटमध्ये जिलेटिन आणि लाल रंगात कोचिनील किड्यापासून काढलेले कार्माइन असू शकते. पाकिटावर हिरवी खूण पाहावी.

कच्चा बलक लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना देऊ नये. मंडळाच्या कार्यक्रमासाठी केक करताना बलकाऐवजी मेरिंग पावडर वापरावी.

केक कापताना दातेरी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून वापरावी. प्रत्येक कापानंतर सुरी पुसली की पांढऱ्या थरावर काळे कण लागत नाहीत आणि शेवटची फोडही पहिलीसारखीच स्वच्छ निघते.