चालते दफ्तर

कचेरी म्हटली की चार भिंती, कागदांनी भरलेली कपाटे आणि दाराशी बसलेला पट्टेवाला असे चित्र मनासमोर उभे राहते. हल्ली हे चित्र पालटत चालले आहे. हातात मावणाऱ्या मोबाईलवर हुकूम येतात, त्यावरूनच अहवाल जातात, आणि कामगार जेथे उभा असेल तेथे त्याची कचेरी उभी राहते. यंत्र नवे आहे यात शंका नाही; परंतु कचेरीला पाय फुटावेत ही कल्पना मात्र जुनी आहे. तिचा एक प्रचंड प्रयोग तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत होऊन गेला, आणि त्याचा आरंभ औरंगाबादेपासून झाला.

१६१० साली मलिक अंबराने खडकी येथे हे शहर वसविले. औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आल्यावर १६५३ साली त्यास औरंगाबाद हे नाव मिळाले. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. १६८२ च्या मार्चात औरंगजेब बादशहा या नात्याने येथे आला. १६८३ च्या नोव्हेंबरात तो अहमदनगरकडे निघाला, आणि तेव्हापासून १७०७ पर्यंत, म्हणजे सुमारे तेवीस वर्षे, हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या राज्याची मुख्य कचेरी बहुतांशी तंबूंत राहिली.

या कचेरीचा पसारा केवढा होता? जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने १६९५ साली कृष्णाकाठी गलगले येथे ती छावणी पाहिली. साठ हजार घोडदळ, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती आणि बाजारबुणग्यांसह पाच लक्ष माणसांचे हे चालते नगर होते, असे तो लिहितो. प्रवाशाने ऐकलेले आकडे थोडे सैल असावयाचे. तथापि व्यवस्था पक्की होती. बादशाही तंबूंचे दोन संच असत. एकात दरबार भरलेला असताना दुसरा, म्हणजे पेशखाना, पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. त्यामुळे मुक्काम हलला तरी कामकाज तुटत नसे.

अशा फिरत्या कचेरीचा प्राण म्हणजे बातमी. सुभ्यासुभ्यांतून ती पाठविण्यासाठी वाकेनवीस, सवानिहनिगार, खुफियानवीस आणि हरकारे असे निरनिराळे लोक नेमलेले असत. एकाने दडविलेले दुसऱ्याने उघड करावे, हा त्यातला हेतू. या सर्वांचे कागद डाकचौकीच्या दारोग्याकडे येत. डाक नेणारे जासूद पायीच धावत, आणि तरीही ते घोडेस्वारापेक्षा लवकर पोचत, असे ताव्हेर्न्ये या फ्रेंच व्यापाऱ्याने नमूद केले आहे. वाटेवर ठराविक अंतराने झोपड्या असत. आलेला जासूद पत्र झोपडीच्या दाराशी टाकी, कारण ते हातात देणे अपशकुनाचे मानीत; आतला ते उचलून तत्काळ धावत सुटे. अंधाऱ्या, पावसाळी रात्री वाट चुकू नये म्हणून जेथे झाडे नसत तेथे दगडांचे ढीग रचून त्यांना चुना फाशीत.

बातमीइतकीच नोंद महत्त्वाची होती. शिपाई चाकरीस आला की त्याच्या नावागावाबरोबर त्याचा वर्ण, कपाळ, तीळ, जखमांचे व्रण लिहून घेत. घोड्याचा रंग लिहीत आणि त्याला डाग देत. या चेहरेपत्रकावरून माणूस खरा की भाडोत्री हे कोणत्याही मुक्कामी पडताळता येई. अशा डागपडताळणीच्या खात्यात काम केलेल्या एका कारकुनाने आपल्या आठवणी फार्सीत लिहून ठेवल्या आहेत. त्याचे नाव भीमसेन सक्सेना, ग्रंथ ‘तारीखे दिलकुशा’. भीमसेनाचे बालपण औरंगाबादेस गेले. त्याचा बाप तेथे तोफखान्याच्या हिशेबावर होता.

बातमी चोख, नोंद चोख. मग एवढ्या कचेरीचे अपयश कोठे होते? याचे उत्तर जिंजीच्या वेढ्यात सापडते. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी जिंजीभोवतीच्या मोगल फौजेलाच कोंडले. डाक बंद पडली. बादशहाकडून पत्र नाही, खलिता नाही. पाहता पाहता मोगल गोटात आवई उठली की बादशहा मरण पावला. शाहजादा कामबक्षाने राजारामाशी गुप्त संधान बांधले, आणि वजीर असदखान व त्याचा मुलगा जुल्फिकारखान यांच्यावर बादशहाच्याच मुलाला कैद करण्याची पाळी आली. भीमसेन ज्याच्या पदरी होता तो दलपतराव बुंदेला याच फौजेत होता. काही आठवडे कागद थांबले, तर कोणी काय करावे हेच कोणाला कळेना. सारी माहिती एका तंबूकडे जावयाची आणि सारा निर्णय त्याच तंबूतून यावयाचा, अशा व्यवस्थेत जासुदाची वाट तुटली म्हणजे राज्याचा कणाच तुटतो.

उलट बाजूला काय होते? १६८९ साली जिंजीस जाताना राजारामाने रामचंद्रपंत अमात्यास ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देऊन महाराष्ट्रातला अधिकार त्याच्या हाती सोपविला. राजा शेकडो मैल दूर, डाकेची खात्री नाही. परंतु जो जागेवर होता त्याला निर्णय घेण्याची मुभा होती. मराठ्यांकडे बादशहाएवढे कागद नव्हते. पण पत्र आले नाही म्हणून त्यांचे काम अडले नाही.

छावणीतल्या माणसांची स्थिती तर याहून करुण होती. भीमसेन सांगतो की लोकांनी बायकामुले छावणीतच आणली. तेथे जन्मलेली पिढी तंबूतच वाढली, आणि तंबूवाचून निराळा निवारा जगात असतो हे तिला ठाऊक नव्हते. चालत्या कचेरीत काम कधी संपत नाही, कारण घरी जाण्याची वेळच होत नाही!

बादशहा गेला, तंबू गेले. कागद मात्र उरले. औरंगाबादच्या किले अर्कात पडून असलेले मोगल दफ्तर १९१६ साली हैदराबादेस हलविण्यात आले. औरंगजेबाच्या कारकीर्दीचे सुमारे दीड लाख कागद तेथील अभिलेखागारात आहेत. दरबारच्या अखबारांचा मोठा संग्रह जयपूर दरबारापाशी राहिला. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत राहिलेल्या सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रे आणि भीमसेनाच्या आठवणी मराठीत आणून वाचकांची मोठी सोय केली.

आज गावोगावी अंगणवाडी सेविका बालकांचे वजन व उंची मोबाईलवर नोंदवितात. २०२१ च्या ऑगस्टात महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. यंत्र वारंवार बिघडते आणि नोंदी इंग्रजीत भराव्या लागतात, ही त्यांची तक्रार होती. जिंजीच्या वेढ्याशी या गोष्टीचे नाते दूरचे वाटेल. पण प्रश्न एकच आहे. बातमी वर जाते, ती खाली परत येते काय? मूल अशक्त असल्याची नोंद ज्या हाताने केली, त्या हाताला त्या मुलासाठी काही करण्याची मुभा आणि साधन मिळते काय? मिळत असेल तर हातातले यंत्र कामाला बळ देईल. नसेल तर जासूद कितीही वेगाने धावो, चुन्याचे ढीग कितीही पांढरे असोत, दफ्तर वाढत राहील आणि काम जागच्या जागी राहील. औरंगजेबाची कबर औरंगाबादजवळ खुलताबादेस आहे; जेथून कचेरी निघाली तेथेच, सुमारे तेवीस वर्षे चालून, तिचा धनी परत आला.