सुधाकरची जखम

दांडी हे पालघर तालुक्यातले आमचे मासेमारांचे गाव. ‘एकच प्याला’ मी प्रथम पाहिले ते इथेच, हौशी मंडळींनी केलेले. सुधाकर झोकांड्या देत आला की लोक हसायचे, शेवटी डोळे पुसायचे आणि ‘दारू वाईट’ असे म्हणत घरी जायचे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू. तेव्हापासून ते दारूबंदीचे नाटक म्हणूनच ओळखले गेले.

पण सुधाकर पहिला घोट केव्हा घेतो, ते पाहा. हा हुशार, मानी वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. तो अपमान त्याला विसरता येत नाही. तळीराम प्याला पुढे करतो तो विसरण्याचे औषध म्हणून. पुढे सुधाकर दारू सोडतो, काम शोधायला निघतो. तिथे पुन्हा अवहेलना होते आणि तो पुन्हा पिऊ लागतो. म्हणजे जखम आधीची, दारू नंतरची.

गडकरी लिहीत होते, त्याच काळात युरोपात महायुद्ध चालू होते. अंगावर ओरखडाही नसलेले सैनिक थरथरत, मुके होऊन परतत होते. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले. मनाच्या अशा आघाताला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये. कोर्टातला अपमान म्हणजे तोफगोळा नव्हे. सुधाकरला त्या आजाराचे नाव चिकटवू नये. तरीही ज्या कामावर माणूस स्वतःची किंमत ठरवतो ते काम गेले, तर आतून काय मोडते, हे गडकऱ्यांना ठाऊक होते.

मलाही ते गावात दिसले. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी समुद्रात जाऊ लागले, किनाऱ्याजवळची मासळी रोडावली. वाऱ्यावरून समुद्राचा अंदाज घेणारा माणूस रोजंदारीसाठी कुणाच्या तरी फाटकाशी उभा राहिला. त्यातले काही पिऊ लागले. आम्ही त्यांना बेवडे म्हणालो. त्यांचे काय गेले, हे कुणी विचारले नाही.

मात्र जखम समजली म्हणून गुन्हा माफ होत नाही. सुधाकरच्या हातून त्याचे तान्हे मूल मरते. सिंधू दळणे दळते, उपाशी राहते, मार खाते आणि मरतानाही नवऱ्याला वाचवण्यासाठीच बोलते. आपण तिला पतिव्रता म्हणून हात जोडतो. या नाटकात सर्वांत मोठा आघात कुणी सोसला असेल तर तिने. पण तिच्या हाती विसरण्याचा प्यालाही नव्हता.

गावातल्या त्या माणसांच्या बायका पहाटे टोपली घेऊन बाजाराला निघत. त्यांच्या सोसण्याचे आम्ही कौतुक केले. त्यांनाही काही दुखते का, हे मात्र त्यांना कधी विचारले नाही. मीसुद्धा नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)