खासगी विद्यापीठात आधीच सीट घ्यायची की कॅपची वाट पाहायची? हिंगोलीच्या विद्यार्थ्यांनी काय पाहावं?

बारावीची परीक्षा अजून व्हायची असते, सीईटी तर त्याहून लांब असते. पण मोबाईलवर जाहिराती आधीच सुरू होतात. ‘मर्यादित जागा’, ‘आजच सीट पक्की करा’, ‘अमुक तारखेच्या आत अर्ज केल्यास शिष्यवृत्ती’. मग फोन येतात आणि ‘पन्नास हजार भरून ठेवा’ असा सल्ला मिळतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथमधल्या घरात हा फोन आला, की प्रश्न एकच असतो. हातातली सीट घ्यायची, की जुलैपर्यंत थांबायचं?

उत्तर शोधण्याआधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. लवकर अर्ज करणं वेगळं आणि लवकर होकार देणं वेगळं.

‘लवकर प्रवेश’ म्हणजे नेमकं काय?

याचे साधारण तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार बंधनाचा. अमेरिकेतल्या ब्राऊन, डार्टमथ, कॉर्नेल अशा विद्यापीठांत ‘अर्ली डिसिजन’ असतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज करायचा, डिसेंबरमध्ये निकाल लागतो. निवड झाली तर तिथेच जायचं, असं विद्यार्थी आणि पालक आधीच लिहून देतात. मिळालेली आर्थिक मदत पुरेशी नसेल, तर त्यातून सुटका मागता येते. पण दोन-तीन विद्यापीठांच्या मदतीची तुलना करून निवडण्याची संधी जाते.

दुसरा प्रकार बंधन नसलेला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन इथे लवकर अर्ज करून निकाल मिळतो, पण उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ असतो. भारतातही सोनीपतचं अशोका विद्यापीठ अनेक फेऱ्यांत अर्ज घेतं. तिथे घरची परिस्थिती पाहून फी-सवलत मिळते, त्यामुळे लवकरच्या फेरीत अर्ज करून मदत किती मिळते ते कळलं तर फायदाच.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो. कागदावर बंधन नसतं, पण भरलेल्या पैशांमुळे पाय अडकतो. ‘आता एवढे भरलेत, तर तिथेच जाऊ’ असं घरात ठरतं.

कॅप इतकी उशिरा का येते?

राज्यातल्या सरकारी, अनुदानित आणि खासगी महाविद्यालयांतले इंजिनिअरिंगचे बहुतेक प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. सीईटीचा निकाल, नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी आणि मग फेऱ्या, असा हा क्रम असतो. त्यामुळे जागावाटप जुलै-ऑगस्टपर्यंत लांबतं.

पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी इन्स्टिट्यूट यांच्या जागा याच वाटेने भरतात. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. नांदेड, परभणी आणि लातूर हे जिल्हेही त्याच क्षेत्रात आहेत.

खरा फरक पैशांचा

जाहिरातीत न दिसणारा मुद्दा इथे आहे. राज्य सरकारच्या फी-सवलतीच्या मोठ्या योजना कॅपमधून झालेल्या प्रवेशाशी जोडलेल्या आहेत.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. खासगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश यातून वगळले आहेत.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतही पात्र मुलांना निम्म्या शिक्षण शुल्काची मदत मिळते. तिथेही कॅपचा प्रवेश लागतो आणि खासगी व अभिमत विद्यापीठं बाहेर आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत, त्यांचे नियम महाडीबीटी पोर्टलवर पाहावेत.

आता हिशेब करा. समजा, कळमनुरी तालुक्यातली ओबीसी प्रवर्गातली मुलगी आहे आणि घरचं उत्पन्न दोन लाख आहे. खासगी विद्यापीठाने वर्षाला तीन लाखांच्या फीवर २५ टक्के ‘लवकर प्रवेश शिष्यवृत्ती’ दिली, तरी चार वर्षांत नऊ लाख भरावे लागतील. तीच मुलगी कॅपमधून खासगी महाविद्यालयात गेली, तरी शिक्षण शुल्क शून्य. विकास शुल्क, हॉस्टेल आणि जेवणाचा खर्च राहतो, पण तो दोन्हीकडे येतोच.

म्हणजे २५ टक्के सवलत घेण्याच्या घाईत १०० टक्के सवलत हातची जाऊ शकते.

मग आधी भरलेले पैसे बुडतात का?

नाही. खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला म्हणून कॅपचा रस्ता बंद होत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या ५ टक्के आणि जास्तीत जास्त ५ हजार रुपये कापता येतात. लेखी अर्जानंतर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. २०२४-२५ मध्ये तर यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत करायला सांगितलं होतं. प्रत्येक वर्षीचं परिपत्रक वेगळं पाहावं.

मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायलाही यूजीसीची मनाई आहे. टीसी आणि गुणपत्रिका पडताळणीपुरत्या दाखवायच्या आणि परत घ्यायच्या. त्या तिकडे अडकल्या, तर कॅपच्या रिपोर्टिंगला धावपळ होते.

कॅपमध्येही एक ‘होकार’ लपलेला आहे

२०२५-२६ मध्ये इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं, तर जागा आपोआप पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हा नियम लागू झाला, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना. त्यामुळे ‘मिळेल असं’ महाविद्यालय वर टाकण्याची चूक महागात पडते. जिथे खरंच जायचं आहे, तेच पहिल्या क्रमांकावर हवं.

तर निर्णय कसा घ्यायचा?

• कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर कॅपचा निकाल लागेपर्यंत कुठेही अंतिम होकार देऊ नये.

• खासगी विद्यापीठात अर्ज जरूर करावा. पण पैसे भरण्याआधी फी परतीचा नियम आणि प्रवेशाची शेवटची तारीख लेखी मागावी. फोनवरचं आश्वासन पुरेसं नाही.

• भरायची रक्कम कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून आणावी लागत असेल, तर थांबावं. पैसे परत मिळाले तरी व्याज परत मिळत नाही.

• हवा असलेला अभ्यासक्रम कॅपमध्ये नसेलच, किंवा विद्यापीठ घरची परिस्थिती पाहून पूर्ण फी माफ करत असेल, तर लवकर होकार देण्यात अर्थ आहे.

लवकर उरकायची एक गोष्ट मात्र नक्की आहे, ती म्हणजे कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र आणि जात पडताळणी, यांतलं जे लागू असेल ते. पडताळणीचा अर्ज हिंगोलीच्या जिल्हा समितीकडे अकरावी-बारावीतच गेला, तर जुलैमध्ये रांगेत उभं राहावं लागत नाही. सीट आधी पक्की केली नाही, तर दुसरी मिळू शकते. पण प्रमाणपत्र वेळेत नसेल, तर प्रवर्गातली जागा आणि सवलत दोन्ही जाऊ शकतात.