फाळक्यांचा कॅमेरा आणि समुद्रकाठचं होव्ह

वरवंडला समुद्र नाही. आपल्याला काठ म्हटलं की व्हिक्टोरिया तलाव आठवतो. तरी आज आपण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जाणार आहोत. आपल्या चित्रपटाची एक वाट तिथून आलेली आहे.

ब्रायटन आणि त्याला लागून असलेलं होव्ह. अठराव्या शतकात डॉक्टर समुद्रस्नानाला औषध म्हणू लागले आणि श्रीमंत मंडळी इकडे यायला लागली. १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली, मग साधी माणसंही एका दिवसाच्या सहलीला येऊ लागली. सहल आली की फोटोची हौस आलीच. जेम्स विल्यमसन हे होव्हमधले औषधविक्रेते. दुकानात फोटोचं सामानही ठेवायचे. पुढे ते चित्रफिती काढू लागले. १९०१ सालच्या ‘फायर!’मध्ये त्यांनी वेगवेगळ्या जागची दृश्यं जोडून आगीची सलग गोष्ट सांगितली. नंतर त्यांच्या कंपनीने कॅमेरे बनवले.

आता आपल्याकडे या. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके गोध्र्यात फोटोग्राफर होते. १९०० च्या प्लेगात पत्नी आणि मूल गेलं. तरी माणूस खचला नाही. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि तिथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मग हे श्रेय कुणाचं? आपले नैयायिक घड्याचं उदाहरण देतात. माती हवी, कुंभार हवा, चाक फिरवायला दंडही हवा. दंड परगावच्या सुताराने केला म्हणून घडा सुताराचा होत नाही. पण दंड नव्हताच, असंही म्हणता येत नाही.

आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं फाळक्यांची गोष्ट एकट्याचा पराक्रम म्हणूनच सांगितली. ती अर्धीच होती, हे आज कबूल करतो. होव्हचा दुकानदार तर राहिलाच, पण घरातल्या सरस्वतीबाईही राहिल्या. कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडायचं काम त्या शिकल्या, फिल्म धुतली, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. परदेशी यंत्र चाललं ते अशा हातांनी.

इतिहास मोठ्या शहरातच घडतो, असं आपण धरून चालतो. इथे तर एक औषधाचं दुकान, गोध्र्यातला एक स्टुडिओ आणि एक स्वयंपाकघर आहे. आपल्या गावातल्या जुन्या फोटोवाल्याच्या पेट्या रद्दीत घालण्याआधी, बरं का, एकदा उघडून बघा.